किलोला ७ मिलिग्रॅम: हा आकडा नेमका कशाचा?

आज एका गाजलेल्या रिव्ह्यू पेपरबद्दल बोलू. रोझेनबर्ग, वीरिंग आणि अर्मी यांचा हा पेपर २००४ चा. विषय आहे, जागा बधिर करणाऱ्या औषधांचा कमाल डोस.

लोणंदमधला दातांचा दवाखाना असो की पुण्यातलं मोठं हॉस्पिटल, लिग्नोकेनचा एक आकडा सगळ्यांना पाठ असतो: अ‍ॅड्रेनालिनसोबत किलोला ७ मिलिग्रॅम. २ टक्के म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या पेशंटला ४२० मिलिग्रॅम, २१ मिलिलिटर. हिशेब सोपा आहे. पण अ‍ॅड्रेनालिन नसेल तर अमेरिकेत कमाल डोस ३०० मिलिग्रॅम आणि काही देशांत २००. रेणू तोच, मग मर्यादा वेगळी कशी?

लेखकांचा मुद्दा इथेच पटतो. बरगड्यांमधल्या नसांजवळ दिलेलं औषध रक्तात झपाट्याने चढतं, कातडीखालचं हळू. शिवाय वय, यकृत, मूत्रपिंड, गरोदरपण यांनीही फरक पडतो. त्यामुळे डोस फक्त वजनावर नाही, तर जागा आणि पेशंट बघून ठरवावा. क्लाइन यांनी १९९० मध्ये लायपोसक्शनसाठी अ‍ॅड्रेनालिनसह अगदी पातळ केलेलं लिग्नोकेन किलोला ३५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं मांडलं. तिथे रक्तातली पातळी सर्वांत वर गेली ती साधारण १२ तासांनी. दोन तासांनी रक्त तपासून कुणी ‘सेफ’ म्हटलं असतं तर फसलंच असतं.

माझी तक्रार पुढची आहे. जुना आकडा मोडला, पण त्याच्या जागी तितकंच वापरता येईल असं काही हाती येत नाही. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला ‘सगळं बघून ठरवा’ एवढं पुरत नाही. ढोबळ आकडा निदान अतिरेकाला ब्रेक लावतो. आणि सुई चुकून रक्तवाहिनीत गेली, तर मर्यादेतल्या डोसनेही झटके येऊ शकतात. तिथे कुठलाच तक्ता वाचवत नाही. दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का बघणं, थोडं थोडं देणं, पेशंटशी बोलत राहणं हेच कामी येतं. जीभ बधिर वाटणं, तोंडात धातूची चव, कानात आवाज ही धोक्याची पहिली खूण. पुढे झटके येतात, हृदय बंद पडू शकतं.

तुमच्या विषयातही असे पाठ झालेले आकडे असतील. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: कुणावर मोजला? कुठे मोजला? किती वेळाने मोजला?