क्लबची तबकडी, घरची तबकडी

युरोपातल्या मोठ्या क्लबांत आज डीजेच्या पुढ्यात बहुतेक वेळा पेन ड्राइव्हवर चालणारे प्लेअर असतात. टर्नटेबल मांडलेच असतील तर पुष्कळदा शोभेपुरते. तरीही बर्लिनचे हार्ड वॅक्स, रॉटरडॅमचे क्लोन यांसारखी दुकाने इलेक्ट्रो आणि टेक्नोच्या नव्या बारा इंची तबकड्या सतत आणतात आणि त्यांतल्या चांगल्या झटपट संपतातही. तबकडीसोबतच्या दोन ओळींच्या वर्णनात एक आश्वासन हमखास असते: क्लबमध्येही वाजेल, घरीही ऐकता येईल.

हे आश्वासन पाळणाऱ्या तबकड्या थोड्या आहेत, आणि ज्या आहेत त्यांत इलेक्ट्रोचा वाटा मोठा आहे. टेक्नोची तबकडी मात्र बऱ्याच अंशी सवयीने निघते आहे, असे माझे मत झाले आहे.

दोघांचे मूळ एकच. १९८१ मध्ये डेट्रॉइटच्या सायबोट्रॉनची ‘अ‍ॅलीज ऑफ युवर माइंड’ आली, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कहून आफ्रिका बम्बाटाची ‘प्लॅनेट रॉक’. दोन्हींच्या मागे क्राफ्टवेर्कची सावली होती. सायबोट्रॉनमधल्या ह्वान अ‍ॅटकिन्स यांनी १९८५ मध्ये मेट्रोप्लेक्स हे लेबल काढले आणि तिथून टेक्नोची वाट वेगळी झाली. फरक ऐकायला सोपा आहे. टेक्नोत चार मात्रा आणि चारही मात्रांवर किक. सम शोधावी लागत नाही. इलेक्ट्रोत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर घट्ट बसतो, किक मात्र मात्रांच्या मधल्या फटींत घुसते, कुठे दोनदा पडते, कुठे गप्प राहते. रोलँडच्या टीआर-८०८ यंत्राची ती लांब घुमणारी किक मोकळ्या जागेत सोडली की तिची शेपूट ऐकू येते. या मोकळ्या जागेमुळेच इलेक्ट्रो खुर्चीत बसून ऐकता येते: ठेका पुढे काय करील याचा अंदाज बांधावा लागतो.

तबकडीच्या बाजूनेही काही अटी असतात. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर चर सरकते; मध्याजवळ पोहोचेपर्यंत हाच वेग २१ सेंटिमीटरवर येतो. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबल्यामुळे हाय-हॅटसारखे तीक्ष्ण आवाज शेवटाकडे फाटू लागतात. खर्ज जितका भारी तितकी चर रुंद होते आणि बाजूवर कमी मिनिटे मावतात. खर्ज डाव्या-उजव्या बाजूंत विखुरला तर सुई उडते, म्हणून तो मधोमध आणावा लागतो. क्लबसाठीची तबकडी पुष्कळदा ४५च्या गतीने, एका बाजूला एक किंवा दोनच रचना घेऊन कापतात ती यासाठी. अल्बम काढणाऱ्याला हे परवडत नाही. तो चार-चार रचना एका बाजूवर ठेवतो, आवाज खाली आणतो, आणि तीच तबकडी क्लबमध्ये शेजारच्या बारा इंचीपुढे मिणमिणते. ‘दोन्हीकडे चालेल’ म्हणणाऱ्याने या गणिताचे काय केले, हे आधी पाहावे.

माध्यमाच्या मर्यादेने कला घडते हे मराठी रसिकाला नव्याने सांगायला नको. अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ गतीच्या तबकड्या जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्यात राग उभा करण्याची युक्ती त्यांना साधली, म्हणून त्या अजून ऐकल्या जातात. डेट्रॉइटमध्ये अशी युक्ती चर कापणाऱ्या माणसाकडे होती. रॉन मर्फी हे नॅशनल साउंड कॉर्पोरेशन नावाने तबकड्या कापत. २००८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्या शहरातल्या टेक्नोचा मोठा भाग त्यांच्या हाताखालून गेला. आतून बाहेर वाजणाऱ्या तबकड्या, शेजारी-शेजारी धावणाऱ्या दुहेरी चरी असे त्यांचे उद्योग. टेक्नोचे निर्माते जेफ मिल्स यांना मर्फींच्या सहवासात बंद चरीचा नाद लागला. बंद चर म्हणजे स्वतःच्याच टोकाला मिळणारे वर्तुळ; सुई त्यात शिरली की हात लावीपर्यंत बाहेर पडत नाही. ३३⅓च्या गतीला एक फेरी १.८ सेकंदांची. त्यात चार ठोके बसवले की मिनिटाला १३३ ठोक्यांची लय आपोआप येते, आणि ती अस्सल टेक्नोची लय आहे! मिल्सच्या १९९४ च्या ‘सायकल ३०’वर अशा बंद चरी आहेत. फाइल म्हणून या कल्पनेला काही अर्थच उरत नाही. टेक्नोने तबकडीशी इतकी जवळीक पुन्हा क्वचितच साधली.

आता टेक्नोच्या नव्या तबकड्या ऐकताना हाच प्रश्न मनात येतो: ही तबकडी का आहे? कोविडच्या साथीनंतर क्लबांत जे वेगवान, कठीण टेक्नो पसरले, मिनिटाला १४५-१५० ठोके आणि त्याहूनही पुढे, ते मुळात फाइलींतून आणि फोनवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींतून वाढले. त्याची किक इतकी दाबून फुगवलेली असते की चरीत तिला श्वास घ्यायला जागा नसते. अशा रचना व्हाइनलवर निघतात तेव्हा त्या आवाजासाठी निघत नाहीत. निर्माता ‘गंभीर’ आहे याचा तो दाखला असतो. दुसऱ्या टोकाला नेमस्त ‘टूल’ तबकड्या आहेत: सहा मिनिटे एकच आवर्तन, डीजेने दुसऱ्या रचनेत मिसळायचा कच्चा माल. पूर्वी याला अर्थ होता, कारण डीजे टर्नटेबलवरच वाजवत असे. घरी मात्र अशी तबकडी अर्धवट वाटते, आणि क्लबमध्ये तिची जागा फाइलने घेतली आहे. अपवाद आहेतच. बर्लिनच्या बेसिक चॅनेल या जोडीच्या १९९३-९४ च्या तबकड्या आजही पुन्हा छापल्या जातात आणि आजही टिकतात. त्यातली खरखर, प्रतिध्वनी आणि धुके सुईच्या खरखरीशी सहज एकजीव होते. हार्ड वॅक्सचे मार्क अर्नेस्टुस हे त्या जोडीतले एक. दुकानदारानेच संगीत केले आणि त्याच मंडळींनी कापण्याची कार्यशाळाही उभी केली, ही साखळी नव्या लेबलांत फार थोड्यांकडे आहे.

घरी ऐकण्याची कल्पनाही नवी नाही. शेफील्डच्या वॉर्प या लेबलने १९९२ मध्ये ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हा संग्रह काढला. त्याच्या वेष्टनावर आरामखुर्चीत रेललेला यंत्रमानव आणि जमिनीवर पिंक फ्लॉइड-क्राफ्टवेर्कच्या तबकड्या. हे ऐकण्याचे इलेक्ट्रॉनिक संगीत आहे, नाचण्याचे नव्हे, असा त्यांचा उघड दावा होता. २०२२ मध्ये तो संग्रह तिसाव्या वर्षानिमित्त व्हाइनलवर परत आला. पुन्हा ऐकताना त्यातले काही फार गोड लागते. दावाही थोडा आढ्यतेचा होता, कारण नाचणारे लोक ऐकत नाहीत हे वॉर्पला कोणी सांगितले? पण त्या खुर्चीतून एक बाजारपेठ निघाली आणि आजची ‘घरी ऐकण्यासाठी’ ही चिठ्ठी तिथलीच.

त्या चिठ्ठीला पुरेपूर उतरणारी तबकडीही वॉर्पनेच काढली, पण नऊ वर्षांनी. २००१ ची ‘लाइफस्टाइल्स ऑफ द लॅपटॉप कॅफे’, कर्ते द अदर पीपल प्लेस, म्हणजे ड्रेक्सियाचे जेम्स स्टिन्सन. ड्रेक्सिया ही स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड यांची डेट्रॉइटमधली जोडी. गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकलेल्या गर्भवती आफ्रिकी स्त्रियांची मुले पाण्याखाली जगली, त्यांनी तळाशी राष्ट्र वसवले, ही त्यांनी रचलेली पुराणकथा १९९७ च्या ‘द क्वेस्ट’सोबत छापली गेली. इलेक्ट्रोला एवढा मोठा आशय दुसऱ्या कुणी दिला नाही. ‘लाइफस्टाइल्स’मध्ये समुद्र नाही, आहे तो कॅफेतला एकटेपणा, पुटपुटलेले दोन-चार शब्द, मऊ सुरावट आणि खाली तीच तिरपी किक. मोठ्या आवाजात लावा, नाचता येते. रात्री हळू लावा, शेजारी तक्रार करणार नाहीत. स्टिन्सन २००२ मध्ये गेले. ही तबकडी वर्षानुवर्षे जुन्या बाजारात अवाच्या सवा किमतीला विकली जात होती. २०१७ मध्ये वॉर्पने ती पुन्हा छापली.

इथे या कलेची सध्याची अडचण सुरू होते. इलेक्ट्रोच्या उत्तम नव्या तबकड्या म्हणून ज्या खपतात, त्यांतल्या पुष्कळ जुन्याच आहेत. क्लोनने २०११ पासून ड्रेक्सियाच्या सुरुवातीच्या रचनांचे चार संग्रह काढले. ट्रेझर या लेबलने २०२२ मध्ये, स्टिन्सन यांच्या निधनाला वीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने, आपल्याकडच्या ड्रेक्सियाच्या तबकड्या नव्याने आणल्या. आवाज स्वच्छ, काम नेटके. ज्यांना मूळ प्रती परवडत नव्हत्या त्यांची सोय झाली. तरी क्लोनच्या संग्रहांबद्दल माझी कुरकुर आहे: मूळ बारा इंचींचा क्रम मोडून रचना इकडच्या तिकडे झाल्या. ड्रेक्सियाची प्रत्येक छोटी तबकडी ही एक बांधलेली गोष्ट होती, आणि ती गोष्ट संग्रहात हरवते. शिवाय दुकानाची एकच फळी असते. तिच्यावर दिवंगत कलावंताची तबकडी बसली की विशीतल्या निर्मात्याची खाली जाते.

नव्यांत कोण उभे राहते? शेफील्डचे सेंट्रल प्रोसेसिंग युनिट हे २०१२ पासूनचे लेबल आपल्या तबकड्यांना शून्य-एकच्या द्विमान पद्धतीने क्रमांक देते. गंमत वाटते, पण मागे शिस्त आहे. घरच्या ऐकण्यासाठी यांच्याइतके सातत्य दुसरीकडे नाही. दोष असा की सातत्याचा कधीकधी गुळगुळीतपणा होतो; चौथ्या रचनेला कुठला कलावंत ऐकतो आहोत याचा विसर पडतो. याच्या उलट डीजे स्टिंगरे ३१३, म्हणजे डेट्रॉइटचे शेरार्ड इंग्रॅम. त्यांच्या मायक्रॉन ऑडिओ लेबलवरचे काम कोरडे, वेगवान, जीवशास्त्राच्या परिभाषेत शीर्षके घेणारे. ते क्लबसाठीच आहे आणि तसे सांगायला लाजत नाही. म्हणून ते घरीही अधिक रंगते. हॅम्बर्गच्या हेलेना हाउफ अजून व्हाइनल घेऊन वाजवतात, आणि त्यांची २०१८ ची ‘क्वाल्म’ मोजक्या यंत्रांवर, कमीत कमी सारवासारव करून केलेली आहे. तिचा खरबरीतपणा चरीला शोभतो. जेराल्ड डोनाल्ड यांच्या डॉपलरइफेक्टची २०२२ ची ‘न्यूरोटेलिपथी’ मला थंड वाटली, पण ते थंडपण मुद्दाम आहे. मेंदू आणि यंत्र थेट जोडण्याच्या विषयाला उबदार सूर खोटा झाला असता. या चौघांत समान काय, तर ८०८चा नुसता आवाज उसना घेऊन भागत नाही हे त्यांना कळले आहे. बाकी पुष्कळ तबकड्या मात्र त्या उसन्या आवाजावरच थांबतात: खर्जाची गाठ, यंत्रमानवी पुटपुट, अंतराळाचे चित्र, झाली इलेक्ट्रोची तबकडी.

बाजाराचे थोडक्यात. चर कापण्यासाठी लागणाऱ्या लॅकर चकत्या जगात मुख्यतः दोनच ठिकाणी बनत. त्यांतला कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला. मग साथ आली, आणि त्याच सुमारास मोठ्या कंपन्यांना व्हाइनलचा पुळका आला. २०२२ मध्ये अमेरिकेत सीडीपेक्षा तबकड्या अधिक विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. या गर्दीत तीनशे-पाचशे प्रती काढणारे छोटे लेबल रांगेच्या शेवटी गेले. ज्यांनी मंदीच्या काळात छपाईची यंत्रे चालू ठेवली, ती नृत्यसंगीताचीच लेबले होती. हा अन्याय नोंदवून ठेवावा असा आहे.

आपल्याकडचा दुवा दोन ठिकाणी खरा आहे. गोव्यात, हणजुण्याच्या किनाऱ्यावर, १९८०च्या दशकात युरोपातले इलेक्ट्रॉनिक संगीत रात्रभर वाजत होते, पण ते कॅसेटवर आणि पुढे डिजिटल टेपवर. उन्हाने तबकडी वाकते आणि रेती सुईला चालत नाही. दुसरा दुवा मुंबईचा. चित्रपटसृष्टीतले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ घेऊन एचएमव्हीसाठी भैरव, ललित, तोडी, मालकंस अशा दहा रागांची ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. तेव्हा ती कोणी विचारली नाही. २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या डच लेबलने ती पुन्हा काढली आणि युरोपात गाजावाजा झाला: शिकागोच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’च्या पाच वर्षे आधी अ‍ॅसिड हाउस मुंबईत! हा दावा मला अतिशयोक्त वाटतो. शिकागोकरांनी ३०३च्या कळा फिरवून आवाजालाच विषय केले. सिंग यांचा विषय राग होता आणि ३०३ त्यांना हवी होती ती सुरावरून सुरावर घसरण्यासाठी, जवळजवळ मींडेसारखी. दोन वेगळी कामे आहेत. सिंग यांचे काम त्या तुलनेवाचूनही पुरेसे मोठे आहे, आणि २०१५ मध्ये मुंबईत निधन होण्याआधी ते त्यांना मंचावर पुन्हा वाजवता आले.

वाचकाने काय घ्यावे? साध्या बारा इंची तबकडीलाही आता बारा-पंधरा युरो पडतात; वर टपालखर्च, त्यावर सीमाशुल्क. म्हणून विकत घेण्याआधी पूर्ण बाजू ऐका, नमुन्याचे दीड मिनिट पुरत नाही. पहिली तबकडी ‘लाइफस्टाइल्स ऑफ द लॅपटॉप कॅफे’ घ्या. दुसरी जिवंत कलावंताची घ्या, आणि शक्यतो त्याच्या लेबलकडूनच. टेक्नोची नवी बारा इंची मात्र, चरीत काही वेगळे घडत असल्याशिवाय, फाइल म्हणूनच घेतलेली बरी.