कोणाच्या संमतीने हात जोडायचे?

माझी मुलगी दुसरीत आहे. एका ख्रिस्ती संस्थेच्या इंग्रजी शाळेत ती जाते. एका रात्री जेवायला बसताना तिने हात जोडले, डोळे मिटले आणि अन्न दिल्याबद्दल येशूचे आभार मानले. आमच्या घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, पण उदबत्ती लागत नाही; मी स्वतःला निधर्मी समजतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केलेली माझी आई म्हणाली, "खुरपलं म्या, अन् आभार त्याचे व्हय?" आम्ही सगळे हसलो. पण हसून हा प्रश्न मिटत नाही.

माझ्या मनात पहिली प्रतिक्रिया उमटली ती 'पोरगी बाटवतात की काय' अशी. ही प्रतिक्रिया माझी नव्हती, ती उसनी होती. बाटण्याची भीती ज्यांना सोवळे होते त्यांची. मी ज्या शाळेत शिकलो तिथे सरस्वतीच्या तसबिरीला हार घालून वर्ष सुरू होई. तेव्हा आमच्या घरातून कोणी तक्रार घेऊन गेले नाही. सरस्वती चालते आणि येशू खटकतो, तर आपला निधर्मीपणा तपासून घेतला पाहिजे.

म्हणून मी दोन जुने मजकूर पुन्हा वाचले. पहिला मुक्ताबाईचा. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'त छापून आला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मिशनऱ्यांचे पत्र. आपण या निबंधाचा गौरव करतो तो अत्याचाराची पहिली साक्ष म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण त्यात एक शाळकरी मुलगी धर्माचा विचार करते आहे, इकडे आपल्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. ती म्हणते, ब्राह्मणांना वेदांचा आधार, मुसलमानांना कुराणाचा, इंग्रजांना बायबलाचा. आम्हाला कोणतेच पुस्तक नाही, आम्ही धर्मरहित आहोत. मग ती देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता. आणि एकाने उपभोगावे, इतरांनी तोंडाकडे पाहावे असा धर्म पृथ्वीवरून नष्ट व्हावा, असे बजावते. छापणारे मिशनरी, तरी 'मला ख्रिस्ती करा' असे ती म्हणत नाही. ती प्रश्न विचारते. शाळेने तिला तेवढे दिले होते.

दुसरा मजकूर जोतीरावांचा. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि तरी ख्रिस्ती झाले नाहीत. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. बायकोने बौद्धांचे पुस्तक वाचून वाटल्यास तो धर्म घ्यावा, नवऱ्याने जुना व नवा करार वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान, मुलाने सत्यधर्मी. आणि सर्वांनी एका घरात गोडीने राहावे. मुक्ताबाईच्या यादीतले कुराण आणि बायबल इथे आहेत, वेद मात्र गळाले आहेत. हे गळणे सहज झालेले नाही.

या उताऱ्याचा दाखला आपण सर्वधर्मसमभावाच्या व्याख्यानात देतो. तो तसा वाचणे म्हणजे त्याचे दात काढून घेणे होय. त्या घरातला प्रत्येक माणूस आधी वाचतो, मग पसंत पडले तर स्वीकारतो. मुलगी बापाचा धर्म घेत नाही. माझ्या मुलीने काय वाचले? तिला अजून जोडाक्षर अडते. तिच्याकडून हात आधी जोडून घेतले, पुस्तक पुढे कधीतरी येईल.

संविधानाचे अठ्ठाविसावे कलम नेमके इथे बोट ठेवते. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सामील करता येत नाही; अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती लागते. म्हणजे गप्प राहणे हा नकार धरला पाहिजे. व्यवहारात ते होकार धरले जाते, आणि 'नको' म्हणायला पालकाने चप्पल झिजवायची. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडायचे नाकारले, त्याची वेतनश्रेणी अडली, आणि तशी सक्ती मूलभूत हक्काचा भंग ठरते हे मुंबई उच्च न्यायालयाकडून २०१३ मध्ये वदवून घ्यावे लागले. ती शाळा सावित्रीबाईंच्या नावाची! आणि तो नोकरदार प्रौढ होता. सात वर्षांच्या पोरीने रांगेत एकटीने हात खाली ठेवावेत, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आमच्या वस्तीतल्या विहारात लहान पोरांना त्रिसरण पाठ करून घेतात. अर्थ विचारला की 'म्हण आधी' म्हणतात. हे मी आमच्या बैठकीत बोललो तेव्हा दोन कार्यकर्ते उठून गेले. जोतीरावांच्या घराचा नियम आपल्यालाही लागू आहे की नाही, यावर चर्चा तिथेच थांबली.

शाळेसाठी मी अर्ज लिहिला: मुलगी उभी राहील, हात जोडणार नाही. मुलीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पप्पा, गाणं म्हणू द्या ना, मला चाल येते." मी अर्जात तिच्या सांगण्यावरून एक ओळ घातली: गायचे की नाही हे रोज तिला विचारावे. सिस्टरांनी अर्ज शांतपणे वाचला आणि विचारले, "हे बाकीच्या मुलांनाही विचारायचं का?" मी म्हणालो, "हो."