भूजलाचा रंगीत नकाशा कोणासाठी?

भूगोल किंवा भूशास्त्रात पीएच.डी.चा विषय शोधायला निघालात की कोणीतरी हा विषय सुचवणारच: ‘अमुक तालुक्यातील भूजल संभाव्य क्षेत्रांचे मानचित्रण, जीआयएस व एएचपी वापरून’. तालुक्याचं नाव बदलायचं, बाकी सगळं तेच. प्रस्तावनेत टंचाईग्रस्त गावं, टँकर, पिण्याच्या पाण्याचा प्रश्न. शेवटी ‘अतिउत्तम’ ते ‘अतिनिकृष्ट’ असा पाच रंगांचा नकाशा. हा प्रकार एकदा नीट तपासून बघू, आणि उदाहरणाला आपला पारोळा तालुका घेऊ.

पद्धत सोपी आहे, म्हणूनच लोकप्रिय आहे. खडक, भूरूप, उतार, नाल्यांची घनता, रेषीय संरचना, माती, जमीन वापर, पाऊस असे सात-आठ थर घ्यायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं आणि बेरीज करायची. वजनं ठरवायला थॉमस साटी यांची एएचपी. त्यात दोन-दोन घटकांची तुलना करून गुण देतात आणि शेवटी सुसंगती गुणोत्तर 0.1 च्या आत आलं की पेपरात ‘वजने स्वीकारार्ह’ असं लिहून मोकळे होतात. पण हे गुणोत्तर फक्त एवढंच सांगतं, की तुमची मतं एकमेकांना छेद देत नाहीत. ती बरोबर आहेत की नाही, हे ते सांगतच नाही. सुसंगतपणे चुकीचं असणं अगदी शक्य आहे.

आता पारोळ्यात या. बोरी नदीकाठचा गाळाचा पट्टा सोडला तर तालुका जवळजवळ सगळा दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला. म्हणजे ज्या ‘खडक’ थराला सहसा मोठं वजन मिळतं, त्यात तालुकाभर एकच गुण. मग नकाशात फरक पडतो तो उताराने आणि नाल्यांच्या घनतेने. निष्कर्ष काय निघतो? पाणी नदीकाठच्या सपाट जागी आहे. तमासवाडीच्या शेतकऱ्याला हे सांगायला उपग्रहाची गरज नाही.

बेसाल्टमधला खरा फरक आडवा कमी आणि उभा जास्त असतो. वर मुरूम, त्याखाली कुठे मांजऱ्या खडक, कुठे एकसंध काळा पाषाण, मध्येच दोन लाव्हाप्रवाहांच्या सांध्यावर लाल मातीचा थर. एका विहिरीला मुरुमाखाली भेगाळ थर लागतो आणि शंभर पावलांवरची दुसरी कोरडी जाते, ती यामुळे. वरून काढलेल्या चित्रात हा उभा क्रम दिसत नाही. तो विहिरीच्या कातळात दिसतो, पंपिंग टेस्टमध्ये दिसतो, फार तर विद्युत रोधकता सर्वेक्षणात अंदाजाने कळतो.

रेषीय संरचनांची तर गंमतच आहे. धुळे-नंदुरबारकडे डाइकांचं मोठं जाळं आहे, म्हणजे उभ्या भेगांत घुसून थिजलेल्या लाव्ह्याच्या भिंती. उपग्रहचित्रात ती सरळ रेष दिसते आणि पेपर तिला ‘भेग, म्हणून पाणी’ असे गुण देऊन टाकतो. पण डाइक घट्ट असेल तर ती पाणी अडवते: वरच्या अंगाला साठा, खालच्या अंगाला खडखडाट. भेगाळ असेल तर उलट पाणी वाहून नेते. जागेवर न जाता हे ठरवता येत नाही.

प्रस्तावनेतल्या पिण्याच्या पाण्याकडे वळू. जल जीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. दोन हजार वस्तीच्या गावाला रोज 1 लाख 10 हजार लिटर लागतात. वीज आठ तास धरली तर स्रोताने ताशी पावणेचौदा हजार लिटरच्या आसपास द्यायला हवेत, म्हणजे सेकंदाला पावणेचार लिटरहून थोडं जास्त, आणि तेही मे महिन्यात. ‘उत्तम’ या रंगाचा अर्थ सेकंदाला किती लिटर? यातल्या बहुतेक नकाशांत त्याचं उत्तर नसतं.

पाणी पिण्याजोगं आहे का, हा प्रश्न तर थरांच्या यादीतच नसतो. भारतीय मानकानुसार नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. आता विचार करा: ज्या जमिनीत पाणी पटकन मुरतं तिला नकाशा जास्त गुण देतो. पण त्याच वाटेने शेतातला युरिया, उकिरडा आणि शोषखड्डेही मुरतात. म्हणजे सिंचनासाठी ‘अतिउत्तम’ जागा पिण्यासाठी सर्वांत धोक्याची असू शकते.

पडताळणीबद्दल जरा तपशिलात बोलतो, कारण व्हायवामध्ये इथेच अडकायला होतं. सर्वसाधारणपणे अस्तित्वातल्या विहिरींचे बिंदू नकाशावर टाकतात आणि ‘80 टक्के विहिरी उत्तम क्षेत्रात पडल्या’ म्हणतात. पण विहिरी लोकांनी आधीच पाण्याच्या जागी खोदलेल्या असतात! फेल गेलेल्या बोअरची नोंद कोण ठेवतं? आणि तालुक्यात कुठेही खोदलं तरी दहापैकी सात बोअरना थोडंफार पाणी लागत असेल (आकडा समजायला घेतलाय), तर सत्तर टक्के यश ही नकाशाची कमाई नव्हे. नारळ हातावर ठेवून फिरणारा पाणाड्याही तेवढं यश दाखवेल. त्याला हसण्याआधी आपला नकाशा त्याच्यापेक्षा किती सरस ठरतो, हे मोजायला हवं.

हे जमत नाही असंही नाही. राजीव गांधी राष्ट्रीय पेयजल मिशनसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या पुढाकाराने 1:50,000 प्रमाणावर भूजल नकाशे झाले. त्यांची सूची वाचा. प्रत्येक एककासाठी कोणत्या प्रकारची विहीर, किती खोल, अंदाजे किती पाणी, यशाची शक्यता, पाण्याची प्रत आणि पुनर्भरणासाठी कोणती रचना, असे रकाने आहेत. अंदाज ढोबळ असेल, पण तो चुकला तर चुकला असं दाखवता येतं. नवे पेपर सॉफ्टवेअरने पुढे गेले आणि या बाबतीत मागे आले, असं माझं मत आहे.

विषय घ्यायचाच असेल तर पारोळ्यातला नदीपासून दूरचा एकच पाणलोट घ्या. बोअरची गाडी येते तेव्हा तिथे उभे राहा, दर दहा फुटांना निघणारा चुरा पिशवीत भरा, पाणी कुठल्या खोलीवर लागलं ते लिहा, आणि फेल बोअरचे बिंदू यशस्वी बोअरइतकेच जपून नोंदवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ती आकडेवारी मिळवा. चाळीस बोअरचा असा संच छोटा वाटेल. पण गाइडने ‘एएचपी का नाही केलं?’ विचारलं, तर त्यावर एएचपी तपासूनही दाखवता येईल.