सममूल्य अपूर्णांकांचे अध्यापन : एक चिकित्सा

प्राथमिक अंकगणितातील सममूल्य अपूर्णांक हा घटक बहुधा एका वाक्यात आटोपला जातो : अंश व छेद यांना शून्याव्यतिरिक्त कोणत्याही एकाच संख्येने गुणले असता सममूल्य अपूर्णांक मिळतो. वाक्य निर्दोष आहे. त्यापाठोपाठ २/३ = □/१२ यांसारखी उदाहरणे येतात, विद्यार्थी चौकटी भराभर भरतो आणि घटक पूर्ण झाल्याची नोंद होते. मात्र या व्यवहारात काय बदलले व काय अबाधित राहिले, हा प्रश्न विचारला जात नाही. सममूल्यतेचा आशय तर नेमका त्याच प्रश्नात आहे.

एका भाकरीचे तीन समान भाग करून दोन घेतले, तर २/३ भाकरी झाली. प्रत्येक भागाचे पुन्हा दोन तुकडे केले की एकूण तुकडे सहा व घेतलेले चार होतात. येथे दोन घटना एकाच वेळी घडतात. तुकड्यांची संख्या दुप्पट होते आणि प्रत्येक तुकडा निम्मा होतो. छेदाचा गुणाकार ही वस्तुतः तुकडा लहान झाल्याची खूण आहे. परंतु लेखनात तोही गुणाकारच, म्हणजे वाढच, दिसतो. 'दोन्ही संख्या मोठ्या झाल्या, मग अपूर्णांक मोठा का झाला नाही?' ही विद्यार्थ्याची शंका म्हणूनच रास्त आहे. दुसरा एखादा विद्यार्थी अंश व छेद या दोहोंत २ मिळवून २/३ = ४/५ असे लिहितो. दोघांना सारखे वागवावे, हा नियमाचा त्याला भावलेला अर्थ. त्याला नियम पुन्हा ऐकविल्याने काही साधत नाही. २/३ ला पूर्ण होण्यास १/३ कमी पडतो व ४/५ ला केवळ १/५, हे दाखविले तरच त्याला चूक दिसते.

काही शिक्षक '२/२ म्हणजे १, आणि १ ने गुणल्यास किंमत बदलत नाही' असे स्पष्टीकरण देतात. ते सुटसुटीत आहे. पण अपूर्णांकांचा गुणाकार अभ्यासक्रमात नंतर येतो. जे अद्याप शिकविलेले नाही त्याच्या आधारे आधीचे सिद्ध करण्याचा हा प्रकार आहे.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) ही क्रिया समच्छेद करण्याच्या निमित्ताने येते. म्हणजे ती बेरजेसाठी आहे, चौकट भरण्यासाठी नाही. प्रत्येक अपूर्णांकाचे अंश व छेद दुसऱ्याच्या छेदाने गुणावेत, अथवा बुद्धिमानाने ते छेद आधी परस्परांत संक्षिप्त करून घ्यावेत, असे दोन मार्ग तेथे आहेत. ५/६ व ३/८ यांसाठी पहिल्या मार्गाने छेद ४८ येतो, दुसऱ्याने २४. अर्थात केवळ प्राचीनत्वामुळे ही मांडणी आदर्श ठरत नाही. तेथेही नियमच सांगितला आहे. उपपत्ती देण्याचे काम नांदगावच्या गणेश दैवज्ञांसारख्या टीकाकारांनी 'बुद्धिविलासिनी'त (इ. स. १५४५) केले.

मराठी व्यवहारात या विषयाचे उत्तम उदाहरण हाताशी आहे आणि ते वाया जाते. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. रुपयाची किंमत बदलली नाही, तो मोजण्याचे माप बदलले. चार आण्यांचे पंचवीस पैसे झाले, म्हणजेच ४/१६ = २५/१००. पंचवीस पैशांचे नाणे २०११ मध्ये चलनातून जाईपर्यंत लोक त्याला चार आणेच म्हणत. एका आण्याचे मात्र सव्वासहा पैसे होतात, आणि पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून परिवर्तनाच्या कोष्टकात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा व तीन आण्यांना एकोणीस पैसे धरण्यात आले. तीनदा एकेक आणा देणाऱ्याचे अठरा पैसे गेले, एकदम तीन आणे देणाऱ्याचे एकोणीस! १६ व १०० यांचा मसावि ४ असल्याने चार, आठ, बारा व सोळा आणेच पैशांत नेमके उतरतात. अंश पूर्णांकच हवा असेल तर दिलेल्या छेदाचा सममूल्य अपूर्णांक असेलच असे नाही, ही गोष्ट यातून आपोआप पुढे येते. रिकामी चौकट नेहमी भरतेच, अशी खात्री देणाऱ्या उदाहरणसंग्रहांतून ती कधीच कळत नाही.

ही अडचण केवळ येथील नव्हे. अमेरिकेतील १९७७-७८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापनात १२/१३ + ७/८ या बेरजेचे अंदाजे उत्तर पर्यायांतून निवडावयाचे होते. तेरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांपैकी २४ टक्क्यांनीच २ हे उत्तर दिले. १९ किंवा २१ म्हणणारे निम्म्याहून अधिक होते. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ १ एवढे आहेत, हे त्यांना जाणवलेच नाही.

महाविद्यालयीन प्राध्यापकास हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु (अ + ब)/(अ + क) यातील अ 'काटून' ब/क लिहिणारा पदवी वर्गातील विद्यार्थी २/३ व ४/५ सममूल्य मानणाऱ्या मुलाचीच चूक करीत असतो. परिमेय संख्यांची रचना शिकविताना (अ, ब) व (क, ड) या जोड्या अड = बक असल्यास सममूल्य मानल्या जातात, आणि हा संबंध संक्रामक असल्याचे सिद्ध करताना ड ने भागावे लागते. शून्य छेद चालला असता तर (०, ०) ही जोडी प्रत्येक जोडीशी सममूल्य ठरली असती, आणि तिच्या मध्यस्थीने १/२ व ३/४ हेही समान ठरले असते. प्राथमिक शाळेत पाठ केलेल्या वाक्यातील 'शून्याव्यतिरिक्त' हा शब्द विद्यार्थ्याला येथे प्रथमच कळतो.