विफ्रेडो लाम आणि 'प्रभाव' या शब्दाची अडचण

आजचा विषय आहे क्युबाचे चित्रकार विफ्रेडो लाम. जन्म १९०२, मृत्यू पॅरिसमध्ये, १९८२ साली. कलेतिहासाच्या बऱ्याच पुस्तकांत त्यांच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य येतं: पिकासोचा प्रभाव असलेले, अतिवास्तववाद्यांच्या वर्तुळातले क्युबन चित्रकार. या वाक्यातल्या 'प्रभाव' या शब्दाबद्दल मला बोलायचंय.

आधी चरित्र थोडक्यात पाहू. लाम यांचं गाव सागुआ ला ग्रांदे, म्हणजे उसाचा मुलूख. वडील चीनमधून आलेले, आई आफ्रिकन आणि स्पॅनिश वंशाची. मांतोनिका विल्सन ही त्यांची धर्ममाता सांतेरिया पंथाची पुजारीण होती. हवानात कलाशिक्षण झाल्यावर १९२३ मध्ये ते माद्रिदला गेले. तिथे प्राडो संग्रहालयात जुने उस्ताद पाहिले, पोटासाठी व्यक्तिचित्रं केली. १९३१ मध्ये बायको आणि तान्हा मुलगा, दोघंही क्षयाने गेले. पुढे यादवी युद्धात ते प्रजासत्ताकाच्या बाजूने उभे राहिले. १९३८ मध्ये पॅरिसला आले, तिथे पिकासो भेटले, आणि दोघांची मैत्री जमली ती कायमची.

इथेच तो शब्द चिकटतो. 'अ'चा 'ब'वर प्रभाव पडला, असं आपण म्हणतो तेव्हा व्याकरणातच 'अ' कर्ता होतो आणि 'ब' नुसता झेलणारा. मायकेल बॅक्सँडॉल या ब्रिटिश कलेतिहासकारांनी १९८५ च्या पुस्तकात ही खोड दाखवून दिली होती. खरं पाहता निवडतो कोण, उचलतो कोण, मोडतोड करतो कोण? 'ब'च. म्हणजे कर्ता 'ब' आहे.

लाम यांच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागत नाही. पिकासोंनी आफ्रिकन मुखवटे पाहिले ते संग्रहालयात, देवळापासून आणि विधीपासून तोडलेले. त्यांना त्यातून आकार मिळाला. लाम लहानपणापासून विधीच्या शेजारी वाढले. आकार म्हणून ही शिल्पं त्यांना युरोपात भेटली. एकाच वस्तूकडे दोघे दोन दारांनी आले. आता सांगा, इथे मूळ कुणाचं आणि उसनं कुणाचं?

यावर लगेच दुसरं टोक गाठायचा मोह होतो. 'लाम मुळांकडे परतले' असं म्हटलं की झालं! मला हेही पटत नाही. मांतोनिकाची इच्छा होती तरी त्यांनी दीक्षा घेतली नाही. त्यांची अठरा वर्षं युरोपात गेली. मार्च १९४१ मध्ये मार्सेयहून निघालेल्या जहाजावर ते होते, आंद्रे ब्रेताँ आणि लेव्ही-स्त्रोस यांच्यासोबत. वाटेत मार्तिनिकला कवी एमे सेझेर भेटले. हवानात उतरले तेव्हा फॅसिझमपासून पळालेला हा माणूस स्वतःच्याच देशात जवळपास परका होता. मुळं म्हणजे जमिनीत तयार ठेवलेली ठेव नव्हे. त्यांना ती नव्याने घडवावी लागली.

ती कशी घडवली, हे 'ला हुंग्ला' म्हणजे 'जंगल' या १९४३ च्या चित्रात दिसतं. पडद्यावर बघा. जवळजवळ २४० सेंटिमीटर उंच, २३० रुंद. रंगवलंय कागदावर, आणि तो कागद कॅनव्हासवर चिकटवलाय. लाम मुळात रेषेचे माणूस, आणि इथे रंग पातळ ठेवून त्यांनी रेषेला बोलू दिलंय. चार आकृती आहेत, चंद्रकोरीसारखे मुखवटे, आणि पाय केवढे, जमिनीत रोवल्यासारखे. आता मागचे ते उभे दांडे पाहा. पेरं दिसतात ना? ऊस जवळून पाहिलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. जंगलात ऊस उगवत नाही. तो लावावा लागतो, तोडावा लागतो. म्हणजे नाव जंगलाचं आणि चित्र मळ्याचं. क्युबात गुलामगिरी संपली १८८६ मध्ये, चित्रकाराच्या जन्माआधी फक्त सोळा वर्षं. त्या मळ्यांत आफ्रिकन गुलाम राबले, करारावर आणलेले चिनी मजूरही राबले. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एका हातात कात्री आहे, तीही विसरू नका. परदेशी पर्यटकाला जे गूढ, रम्य अरण्य वाटेल, तिथे लाम यांनी श्रमाचा इतिहास उभा केलाय.

त्यांची घोड्याच्या तोंडाची स्त्रीही अशीच. आपण 'अंगात येणं' म्हणतो. सांतेरियात देव माणसावर स्वार होतो आणि तो माणूस देवाचा घोडा होतो. हे ठाऊक नसेल तर ती नुसती अतिवास्तव कल्पना वाटते. ठाऊक असेल तर ती एका अनुभवाची नेमकी आकृती आहे.

सगळंच काम या तोडीचं आहे, असं मी म्हणणार नाही. १९५२ नंतर ते पुन्हा पॅरिसला स्थिरावले, आणि त्यानंतरच्या अनेक चित्रांत तीच शिंगं, तेच टोकदार आकार येत राहतात. हाताला सवय झाली की चिन्हाचा नक्षीकाम होण्याचा धोका असतो, आणि माझ्या मते लाम त्यातून पूर्ण सुटले नाहीत.

शेवटी, शब्दाने एवढा काय फरक पडतो, असं कुणी विचारेल. 'जंगल' न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९४५ मध्येच विकत घेतलं. पण ते टांगलं कुठे होतं? कोट ठेवायच्या खोलीकडे जाणाऱ्या वाटेवर. १९८८ मध्ये कवी-समीक्षक जॉन याव यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. ज्याला आपण 'प्रभावाखालचा' म्हणतो, त्याला भिंतही तशीच मिळते. शब्द आधी ठरतो, खिळा नंतर ठोकला जातो.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.