पंचाण्णवावं प्रेत आणि नागपूरचा राजवाडा

साल ११३८. श्रूजबरीचा किल्ला राजा स्टीफनच्या हाती पडतो आणि आतल्या ९४ जणांना फाशी होते. त्यांच्या अंत्यविधीची तयारी करायला मठातला कॅडफेल येतो, प्रेतं मोजतो, तर भरतात ९५! लढाईच्या ढिगाऱ्यात कुणीतरी आपला खासगी खून दडवलेला असतो.

एलिस पीटर्सच्या ‘वन कॉर्प्स टू मेनी’ (१९७९) या कादंबरीची ही सुरुवात. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या खूनकथांचा प्रवाह पुढे फोफावला, त्यात कॅडफेलचा वाटा मोठा. तो ना सरदार, ना संत. तरुणपणी क्रुसेडची युद्धं पाहिलेला, उतारवयात मठात औषधी वनस्पतींचा वाफा सांभाळणारा माणूस. बचनागाचं विष तो ओळखतो, कारण दुखऱ्या सांध्यांना चोळायचं बचनागाचं तेल तो स्वतःच करतो. बर्नार्ड नाइट यांनी ११९४च्या सुमाराचा कॉरोनर नायक केला. ते स्वतः शवविच्छेदनतज्ज्ञ. या प्रकारातली सगळीच पुस्तकं मात्र एवढी कसदार नाहीत. अनेकांत झगा बाराव्या शतकातला आणि डोकं कालपरवाचं असतं.

मराठीत काय आहे? ऐतिहासिक कादंबरी उदंड आहे, रहस्यकथाही उदंड. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजयवर पिढ्या वाढल्या. पण या दोन घराण्यांची सोयरीक काही नीट जमली नाही. ‘स्वामी’पासून ‘पानिपत’पर्यंत आपली ऐतिहासिक कादंबरी कर्त्या पुरुषांच्या मागे चालली, तिथे कुणाला वंदन करायचं आणि कुणाला दोष द्यायचा हे पहिल्या पानाआधीच ठरलेलं. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यावर खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’ (१९०९) लिहिलं आणि रामशास्त्री अजरामर केले. मात्र ते न्यायनिष्ठेचं नाटक, तपासाचं नव्हे. प्रेक्षकाला गुन्हेगार ठाऊकच असतो.

साधनं नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. महानुभाव पंथाचं, रिद्धपूरशी नातं सांगणारं ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलं ते माणसांना गाठून, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडून आठवणी गोळा करून. ही तर साक्षी नोंदवण्याचीच रीत! खाणंपिणं, वाटा, देवळं, भांडणं असा त्या काळचा सगळा संसार त्यात आहे. पुढे महानुभावांनी ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. मठातल्या खुनांवर कादंबरी लिहिणाऱ्या उंबेर्तो एकोला हे सापडलं असतं, तर त्याने इटलीतल्या मठाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

आणि प्रेत हवंच असेल तर नागपूरकर भोसल्यांकडे आहे. १ फेब्रुवारी १८१७ला राजे परसोजी अंथरुणात मृत सापडले. आधीच पंगू राजा, म्हणून मृत्यू नैसर्गिक मानला गेला. कारभार पाहणारे चुलतभाऊ आप्पासाहेब तेव्हा चांद्याला (आजच्या चंद्रपुरात) होते. म्हणजे रहस्यकथेला लागते तशी अगदी चोख गैरहजेरी. खुनाचा आरोप पुढे आला तो नंतर, ईस्ट इंडिया कंपनीशी सीताबर्डीची लढाई होऊन गेल्यावर. आरोप ठेवणारा रेसिडेंट जेंकिन्स. आप्पासाहेबांना दूर करण्यात ज्या कंपनीचा फायदा, तिचाच हा माणूस.

इथे सेनापती किंवा राजपुत्र नायक करून भागणार नाही. हवा एखादा राजवैद्य, ज्याला प्रेताच्या मानेवर काय दिसलं ते बोलता येत नाही. किंवा चांद्याच्या वाटेवरचा हरकारा. नागपूरची बातमी चांद्याला पोचायला किती वेळ लागतो हे त्याला पक्कं माहीत असणार, आणि आप्पासाहेबांच्या गोटात ती त्याच्या आधीच पोचली होती का, हा प्रश्न पडला तर त्यालाच पडेल. आज नागपूरहून चंद्रपूरला निघालेली गाडी वर्धा जिल्ह्यातल्या जामला वळते. कथेतला हरकारा इथेच कुठेतरी घोडा बदलू शकतो.

आरोपीचा जबाब मात्र लेखकालाच रचावा लागेल. १८१८च्या मे महिन्यात आप्पासाहेब जबलपूरच्या बाजूला कंपनीच्या पहाऱ्यातून निसटले, ते पुन्हा तिच्या हाती लागलेच नाहीत. १८४० साली ते जोधपुरात वारले.