‘चेक’ : एका इंग्रजी नामाचे अर्थ आणि लेखनभेद

इंग्रजीतील ‘चेक’ हे नाम मराठी विद्यार्थ्यास इंग्रजीचा पहिला धडा वाचण्यापूर्वीच ठाऊक असते. बँकेत चेक वटतो, चेकनाक्यावर गाडी थांबते, कापडावर चेक असतात, आणि ‘एकदा चेक करून घे’ असे घरोघर म्हटले जाते. अडचण येते ती हा शब्द रोमन लिपीत लिहावयाची वेळ आली म्हणजे. देवनागरीत जो एकच शब्द दिसतो, तो तेथे दोन प्रकारे लिहिला जातो : सी-एच्-ई-सी-के असा, आणि सी-एच्-ई-क्यू-यू-ई असा. सोयीसाठी पहिल्यास ‘के-रूप’ व दुसऱ्यास ‘क्यू-रूप’ म्हणू. दोहोंचा उच्चार सर्वथा एक असल्यामुळे येथे कानाचे साहाय्य मिळत नाही.

अशा वेळी विद्यार्थ्यास एक नियम सांगण्याचा प्रघात आहे : क्यू-रूप ब्रिटिश, के-रूप अमेरिकन. नियम सुटसुटीत आहे, परंतु तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागातून चुका जन्मास येतात. त्या नियमाचे परीक्षण करणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

हा नियम खरा असता, तर इंग्रज लेखकाने सर्वच अर्थी क्यू-रूप वापरले असते. तसे तो करीत नाही. वैद्यकीय तपासणी, बुद्धिबळातील शह, सत्तेवरील अंकुश, चौकडीचे कापड या सर्व अर्थी इंग्लंडातही के-रूपच लिहितात. बँकेवर काढलेला पैशाचा आदेश या एकाच अर्थी तेथे क्यू-रूप येते. अमेरिकेत मात्र तोही अर्थ के-रूपाने व्यक्त होतो. म्हणजे हा भेद ब्रिटिश लेखनात अर्थभेदाचा आहे; अमेरिकन लेखनात तो नाहीच. भारतातील इंग्रजी याबाबत ब्रिटिश प्रघातानुसार चालते; 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या इंग्रजी पाठात क्यू-रूप आहे. कॅनडा अमेरिकेच्या सीमेला लागून असूनही तेथील बँका क्यू-रूपच लिहितात, आणि ‘चेकिंग’ खात्याचे नावही त्याच रूपावरून घडवितात.

‘कलर’ किंवा ‘सेंटर’ या शब्दांचे लेखनभेद खरोखर देशभेदाचे आहेत. तेथे अर्थ कोणताही असो, देश बदलला की लेखन बदलते. ‘चेक’ या वर्गातला नव्हे. त्याचे सोबती वेगळे आहेत. ‘मीटर’ हे लांबीचे माप असता ब्रिटिश लेखनात शेवटी आर्-ई येते, मोजण्याचे यंत्र असता ई-आर्. ‘स्टोरी’ म्हणजे इमारतीचा मजला असता ई अधिक येतो, गोष्ट असता येत नाही. अमेरिकेत या जोड्या एकाच लेखनात मिसळल्या आहेत. या दोन वर्गांची सरमिसळ केल्यामुळेच विद्यार्थी ‘चेक-अप’ हा शब्द क्यूने लिहितो, आणि आपण शुद्ध ब्रिटिश लेखन केले असे समजतो. स्मरणशक्तीचा नव्हे, तर त्याला दिलेल्या नियमाचा हा दोष होय.

आता अर्थांकडे वळू. कोशांत या नामाखाली अडथळा, तपासणी, चौकडी, धनादेश असे अर्थ क्रमांक घालून दिलेले आढळतात. परंतु एकातून दुसरा कसा निघाला हे पुष्कळदा सांगितलेले नसते. वस्तुतः या शब्दाचा इतिहास असामान्य स्पष्टतेने मांडता येतो. त्याचे मूळ फार्सी ‘शाह’, म्हणजे राजा. बुद्धिबळाच्या खेळाबरोबर हा शब्द अरबी, मध्ययुगीन लॅटिन व जुनी फ्रेंच या मार्गाने इंग्रजीत आला. जुन्या फ्रेंचमधील त्याच्या एकवचनापासून ‘चेक’ निघाला आणि अनेकवचनापासून खेळाचे ‘चेस’ हे नाव. राजावर आलेला शह हा मूळ अर्थ. त्यातून गतीला पडलेला अडथळा. त्यातून गैरव्यवहारास अडथळा करणारी पडताळणी. आणि त्यातून पडताळणीची खूण किंवा चिठ्ठी. अठराव्या शतकात हुंडीची जी स्थळप्रत लबाडी रोखण्यासाठी राखून ठेवीत, तिलाही हेच नाव होते. पुढे ते स्थळप्रतीवरून प्रत्यक्ष आदेशावर सरकले. चौकडीची शाखा निराळी : ती राजापासून नव्हे, तर पटावरील घरांपासून फुटली.

क्यू-रूप त्या मानाने अर्वाचीन आहे. इंग्लंडच्या राजकोषास ‘एक्सचेकर’ म्हणतात, कारण बाराव्या शतकात तेथील हिशेब बुद्धिबळाच्या पटासारख्या रेषांच्या कापडावर सोंगट्या मांडून करीत. 1828 च्या सुमारास जे. डब्ल्यू. गिलबार्ट या बँकव्यवसायावरील लेखकाने क्यू-रूपाचा पुरस्कार केला, तेव्हा त्याने कारणे दिली ती संदिग्धता टाळण्याची आणि ‘एक्सचेकर’शी साम्याची. अर्थ वेगळा दिसावा म्हणून लेखन वेगळे केले, हे यावरून उघड होते. ‘चौकडीचा’ या अर्थाचे ‘चेकर्ड’ हे विशेषण ब्रिटिश लेखनात क्यूने लिहितात, तेही याच पटाच्या शब्दकुलातले आहे. तेवढा अपवाद विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा.

अमेरिकन वापरातील दोन अर्थ स्वतंत्रपणे सांगितले पाहिजेत : उपाहारगृहातील बिल, आणि बरोबर उत्तरापुढील खूण. इंग्लंडात यांना अनुक्रमे ‘बिल’ व ‘टिक’ म्हणतात. मध्य युरोपातील चेक लोकांच्या नावाचा मात्र या कुळाशी काही संबंध नाही. त्यातील सी-झेड् हे लेखन पोलिश पद्धतीचे आहे. देवनागरीने त्यास उगाच या पंक्तीत बसविले आहे.

मराठी अध्यापकाच्या हाती एक साधन असून ते क्वचितच वापरले जाते. ‘शाह’ हाच शब्द फार्सीतून थेट आपल्याकडे ‘शह’ म्हणून आला, आणि आपणही त्याला पटाबाहेर काढले : प्रतिपक्षाच्या डावाला शह दिला जातो, शहाला काटशह मिळतो. इंग्रजीतील ‘चेक’चा ‘आळा’ हा अर्थ याच वाटेने गेला आहे. म्हणजे ‘शह’ आणि ‘चेक’ ही एकाच घराण्याची भावंडे. एक जवळच्या मार्गाने आले, दुसरे युरोपची प्रदक्षिणा करून. ज्याला ‘शह’ कळतो त्याला ‘चेक’च्या अर्थांची ओळ पाठ करावी लागू नये.

निष्कर्ष इतकाच. कोशकाराने अर्थ उत्पत्तिक्रमाने द्यावेत आणि क्यू-रूप कोणत्या एका अर्थापुरते आहे, ते त्या अर्थाशीच नोंदवावे. अध्यापकाने देशाचे नाव नंतर आणि अर्थ आधी सांगावा. परीक्षकाने अमेरिकन लेखनास अशुद्ध ठरवू नये. एकाच उत्तरात दोन्ही पद्धती मिसळल्या असतील, तरच ती त्रुटी मानावी. इंग्रजी लेखन म्हणजे निव्वळ पाठांतर, ही समजूत आपल्या विद्यार्थ्यांत खोल रुजली आहे. ती सर्वत्र खोटी ठरणार नाही. परंतु जेथे कारण सांगता येते तेथेही ते न सांगणे, हा त्या समजुतीस आपणच दिलेला आधार होय.